सेहेचाळीस इंचांवरचा चंद्र

६ मार्च, गुरुवार. सकाळी पाणी वेळेवर आलं. इस्त्रीवाल्यानं उशीचा एक अभ्रा कमी दिला, विचारणे. दुपारी झोप नाही. संध्याकाळी सहा चाळीसला गच्चीवर पडले. डावा गुडघा सोलला. दुर्बीणही पडली. आधी दुर्बीण पाहिली, मग गुडघा. भिंग शाबूत.

वहीत एवढंच. पडल्यावर किती वेळ तिथंच बसून राहिल्या हे ट्रेसरबाईंनी लिहिलं नाही, कारण पडताना घड्याळ हातातून सुटून लांब गेलं होतं. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा बेचाळीस वर्षांचा नियम. कपाटाच्या वरच्या दोन फळ्यांवर वह्या ओळीनं उभ्या होत्या. दर वर्षाची एक. एकाच वर्षाच्या मात्र दोन.

बांधकाम खात्याच्या नकाशा विभागात त्यांनी एकतीस वर्षं ट्रेसिंग केलं होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना ट्रेसरबाई म्हणे. इंजिनिअर पेन्सिलीनं जे काढतील त्यावर पारदर्शक कागद अंथरायचा, कोपऱ्यांवर शिशाची वजनं ठेवायची आणि शाईनं रेघ न् रेघ उतरवायची. पूल, पाण्याच्या टाक्या, शाळा, एकदा तर एक अख्खा तुरुंग. एकतीस वर्षं मान खाली. निवृत्त झाल्यावर ती वर करायला गेल्या तर होईना. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, मान मागे टाकायची नाही आणि फार पुढेही वाकवायची नाही.

"मग करायचं काय?"

"समोर बघायचं."

बाईंनी हेही लिहून ठेवलं. खाली कंसात लिहिलं: समोर बिऱ्हाड, त्यांची वाळत घातलेली पायपुसणी.

नवरा गेला त्याला सात वर्षं झाली. तो गेला तेव्हा जो तो शहाणपण शिकवायला आला. घर विका. मुलाकडे राहायला जा. एक खोली भाड्यानं द्या. विणकाम करा, वेळ जातो. बाईंनी सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं तारीखवार लिहून घेतलं आणि वर्ष सरल्यावर एक दुर्बीण विकत आणली. दोन हात लांब नळी, पुढच्या टोकाला कपाच्या तोंडाएवढं भिंग. मागच्या टोकाला काटकोनात बसवलेला आरसा आणि त्याच्या डोक्यावर डोळा लावायचा आयपीस. आरसा असल्यामुळे आभाळ बघायला मान वर करावी लागत नाही. तेवढ्यासाठीच त्यांनी ती घेतली होती.

दुकानदारानं एक गोष्ट सांगितली नव्हती. नळी मधोमध तिकाटण्यावर अडकवलेली. तोंड वर गेलं की तिची शेपटी खाली येते. चंद्र जितका वर, तितका माणूस खाली. बाजूला कललेला चंद्र खुर्चीवरून दिसे. तो डोक्यावर आला की आयपीस गुडघ्याशी येई, आणि बाईंना उशी घेऊन फरशीवर गुडघे टेकावे लागत.

सहा मार्चला तेच झालं. अर्धा चंद्र, अगदी माथ्याजवळ. उजेड संपतो त्या काठाच्या पलीकडे, काळोखात, एक ठिपका चमकत होता. बाईंना ठाऊक होतं की तो डोंगराचा माथा. तिथं सूर्य आधी माथ्यावर येतो, पायथा मागून उजळतो. तो ठिपका वाढत वाढत काठाला कसा येऊन मिळतो ते त्यांना पाहायचं होतं. सहा वर्षं पाहायचं होतं. पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि गुडघ्यांवर त्या कधी पाच मिनिटांच्या वर टिकल्या नव्हत्या. त्या दिवशी सात मिनिटं टिकल्या. पाय बधिर झाला, उठताना तिकाटण्याचा आधार घेतला, आणि दोघी आडव्या.

शनिवारी मुलगा आणि सून आले. गुडघ्याचं डॉक्टरांनीच मुलाला कळवलं होतं.

"आई, तू चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस."

"मला माहीत आहे. तुझ्या आधीपासून मोजतेय मी."

"हसण्यावारी नेऊ नकोस. हाड मोडलं असतं तर?"

"तर वहीत तसं लिहिलं असतं."

खालच्या मजल्यावरचे सल्लागारही आले होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. खरं नाव दारावरच्या पाटीवर, पण ते पाहायला कुणी थांबत नसे. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, साठीच्या पुढची माणसं सगळ्यात जास्त कुठं पडतात, सांगू? राहत्या घरात."

"मग गच्चीच बरी म्हणायची."

सून खिडकीकडे वळली. तिला हसू आलं की ती खिडकीबाहेर बघते.

मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "मी तुला नवी आणून देतो. मोटरवाली. आपली आपण फिरते आणि फोनवर फोटो पाठवते. तू पलंगावर पडून बघ."

"फोटोच बघायचा तर भिंतीवरचं कॅलेंडर काय वाईट आहे?"

मुलगा उठला. कोपऱ्यातल्या दुर्बिणीचा आयपीस त्यानं फिरवून काढला, रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"अहो, हे काय?" सून म्हणाली.

"हा इथं राहिला तर ती उद्या पुन्हा वर जाईल."

ते खरंच होतं. सात वर्षांपूर्वी लोक काय वाटेल ते बोलले, पण खिशात कुणी काही घातलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेल्या.

"पुढचा अर्धा चंद्र पाच एप्रिलला. शनिवार आहे, तुला सुट्टी. त्या दिवशी मी अर्धा तास बसून बघेन. घड्याळ लावून. कुणाचा हात घेणार नाही, मान वर-खाली करणार नाही, मध्ये उठणार नाही. जमलं तर तो आयपीस परत करायचास आणि या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाहीस."

"आणि नाही जमलं तर?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून शाळेत शिकवत होती.

"तर दुर्बीण हिच्या शाळेला दे."

"मी साक्षीदार," सल्लागार म्हणाले.

"तुम्हाला बोलवायची वेळ कधी आली नाही, तुमचं आपलं बरं असतं."

सगळे गेल्यावर बाईंनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुर्बिणीच्या मापाची पट्टी कापली, दोन हात लांब, आणि तिच्या मधोमध टाचणी खुपसून ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली. मागच्या टोकाला पेन्सिल धरली आणि पट्टीचं तोंड आडवं होतं ते हळूहळू उभं केलं. पेन्सिलीनं भिंतीवर एक कमान काढली. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दीड फूट. दीड फूट वर-खाली होणारी खुर्ची कुठल्या सुतारानं करावी?

मग त्यांनी टाचणी काढली आणि शेपटीपासून वीतभर अंतरावर खुपसली. पुन्हा कमान काढली. ती वीतभरच होती, आणि चंद्र जिथं वर असतो त्या भागात तर पेन्सिल जेमतेम दोन बोटं हलली. म्हणजे नळी मध्यावर नव्हे, शेपटीजवळ अडकवायची. मग आयपीस जागचा फारसा हलत नाही, आणि माणसालाही हलावं लागत नाही.

बाई बराच वेळ भिंतीकडे बघत उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अशी रेघ काढली होती जिच्याखाली दुसऱ्या कुणाची रेघ नव्हती.

रात्रीचं जेवण लवकर आटोपून त्यांनी जुना ड्रॉइंग बोर्ड पलंगाखालून ओढला आणि रीतसर नकाशा काढला. तीन पायांचा लोखंडी खांब. त्याच्या डोक्यावर दुर्बिणीची मान, म्हणजे आधीचाच सांधा. त्याला दोनच हालचाली येतात, डावी-उजवी आणि वर-खाली, आणि तेवढ्या पुरतात. समोर बिनपाठीचं स्टूल. खात्याच्या नकाशावर उजव्या कोपऱ्यात चार चौकटी असत: आखले, ट्रेस केले, तपासले, मंजूर. एकतीस वर्षं बाईंची सही फक्त दुसऱ्या चौकटीत. त्यांनी चारही चौकटी आखल्या आणि चारहींत आपलीच सही ठोकली. शाईनं.

राहिला प्रश्न वजनाचा. शेपटीजवळ अडकवलेली नळी तोंडावर आपटते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेपटीला तेवढंच वजन हवं. निवृत्त होताना बाईंनी ऑफिसातली चार शिशाची वजनं घरी आणली होती, कारण नवा साहेब ती भंगारात देणार होता. त्यांनी जाड कापडाचा पट्टा शिवला, त्याला चार खिसे, खिशात चार वजनं, आणि पट्टा नळीच्या शेपटीला घट्ट बांधला.

शिवताना त्यांना कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या सिस्टर आठवल्या. हातात लाकडी पट्टी घेऊन त्या बाकांमधून फिरत. कुणी कापडावर ओणवं झालं की पट्टी पाठीला उभी लावत. "कापड आपल्याकडे आणायचं. आपण कापडाकडे जायचं नाही." त्या पट्टीमुळे बाईंची पाठ जन्मभर ताठ राहिली. मान मात्र नोकरीनं नेली.

खांबाची उंची ठरवायला आयपीस हवा होता आणि तो मुलाच्या खिशात. बाईंनी त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ खोचलं. मग स्टुलावर बसल्या आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप लावला. सेहेचाळीस इंच. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सेहेचाळीस. आयपीस तिथं यायचा म्हणजे खांब किती, तेही नकाशावर लिहिलं.

खिडक्यांचे गज करणाऱ्या वेल्डरनं तो नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला.

"मावशी, हे तुम्ही काढलंत?"

"सही वाच."

"चारही तुमच्याच आहेत." त्यानं डोकं खाजवलं. "आमच्याकडे लोक काडेपेटीवर गेटाचं चित्र काढून आणतात. बरं, बाजूनं वेलबुट्टी टाकू? फुकटात. झोपाळा केला की टाकतोच."

"वेलबुट्टी नको. पाइपात वाळू भरायची, म्हणजे थरथरणार नाही."

"वर-खाली करायला एक चावी ठेवू का? पाइपात पाइप. पुढंमागं उंची बदलावी लागली तर बरं पडतं."

"कशाला बदलेल? माप मी घेतलंय."

"राहिलं," वेल्डर म्हणाला, आणि नकाशा भिंतीवर शर्ट टांगायच्या खिळ्याला अडकवला. काम होईपर्यंत तो तिथंच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो म्हणे, हे बघा, याला माप म्हणतात.

खांब तिसऱ्या आठवड्यात आला. वेल्डरनं आणि त्याच्या भावानं तो गच्चीवर चढवला. बाईंनी दुर्बीण बसवली, पट्टा अर्धं बोट मागे सरकवला, आणि हात सोडला. नळी जिथं सोडली तिथंच राहिली. एका बोटानं ढकलली की सरके, बोट काढलं की थांबे. पडल्या दिवसापासून पहिल्यांदा बाई गच्चीवर हसल्या. मग रिळाच्या भोकातून त्यांनी आभाळ पाहिलं. आभाळ कसलं, निळा ठिपका.

पाच एप्रिलला सहा वाजताच सगळे वर जमले. मुलगा, सून, सल्लागार. सल्लागारांनी घरून खुर्ची आणली होती, अन् शिवाय औषधांची पेटी.

"ती कशाला?" बाईंनी विचारलं.

"असावी, वहिनी."

"उघडायची असेल तर तुमच्यासाठी उघडा."

मुलानं खिशातून रुमाल काढला, त्यातून आयपीस काढला आणि रीळ काढून स्वतःच बसवला. खांबावरून हात फिरवला, एक टपली मारली. हललं काही नाही. त्यानं भुवया उंचावल्या. सूर्य मावळला होता, अर्धा चंद्र माथ्याजवळ होता, उजेड अजून पुरता गेला नव्हता. सहा बावन्नला सुनेनं घड्याळ लावलं.

बाई स्टुलावर बसल्या. पाठ ताठ. डोळा बरोबर आयपीसवर. एका बोटानं चंद्र मध्ये आणला. काठाच्या पलीकडे काळोखात एक ठिपका होता. तोच, नाहीतर त्याचा भाऊ.

पाच मिनिटं झाली. सात झाली, आठ झाली. गुडघ्यांना काही कळतच नव्हतं. ठिपक्याची आता बारीक रेघ झाली होती.

दहाव्या मिनिटाला आयपीस वर गेला.

म्हणजे तसं बाईंना वाटलं. चंद्र गोलाच्या कडेला सरकला आणि अर्धा कापला गेला. त्यांनी बोटानं नळी सारखी केली, पण कापलेला तो कापलेलाच. मग त्यांना उमगलं. खांब वाळूनं भरलेला, तो कुठं जाईल? खाली त्या आल्या होत्या. पाठ दमली होती आणि हळूच दीड इंच बसली होती. टेप लावताना त्या सिस्टरांची पट्टी पाठीला असल्यासारख्या बसल्या होत्या, श्वास रोखून; तिन्ही वेळा. तसं दोन मिनिटं बसता येतं. त्या सेहेचाळीस इंचांवर अर्धा तास राहील असं माणूस नव्हतं. तपासले, खाली सही. दुसऱ्या कुणी तपासलं असतं तर विचारलं असतं की बाई, तुम्ही घरी अशाच बसता का?

त्यांनी पाठ पुन्हा ताठ केली. अकरावं मिनिट. पाठ पुन्हा बसली. हनुवटी वर करावी की काय, असं झालं. हनुवटी वर म्हणजे मान मागे, म्हणजे अट मोडली आणि दुर्बीण शाळेत.

"आई," मुलगा म्हणाला, "दुखतंय ना?"

"नाही."

"वहिनी, हट्ट किती करावा माणसानं?" सल्लागार खुर्चीतून म्हणाले. "सुंभ जळाला तरी..."

"सूनबाई," बाई आयपीसवरून डोळा न काढता म्हणाल्या, "कपाटाच्या वरच्या फळीवर एका वर्षाच्या दोन वह्या आहेत. हे गेले त्या वर्षाच्या. दोन्ही आण."

सून धावतच गेली.

"आई, हात घ्यायचा नाही असं ठरलं होतं."

"हात ठरला होता. वह्यांबद्दल तू काही बोलला नव्हतास."

"आणि उठायचंही नाही."

"कोण उठतंय?"

सून वह्या घेऊन आली. बाई स्टुलावर जराशा एका बाजूला कलल्या, सुनेनं एक वही सरकवली. दुसऱ्या बाजूला कलल्या, दुसरी वही सरकवली. मुलानं आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, पण बायकोकडे बघून मिटलं. बाई सरळ झाल्या. मग मुद्दाम पाठ सैल सोडली. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत सैल सोडली. चंद्र पुरता गोलात आला.

सल्लागार वाकून बघत होते. "एका वर्षाच्या एवढ्या जाड?"

"त्या वर्षी सगळ्यांनी मला काय करावं ते सांगितलं. तुमचीच चाळीस पानं आहेत."

सून खिडकी नसल्यामुळे कठड्याबाहेर बघू लागली.

सल्लागार खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "त्यात घर विकायचं मीच म्हणालो होतो वाटतं."

"अकरा ऑगस्ट. चहा दोन वेळा घेतलात."

अर्धा तास झाल्याचं घड्याळानं सांगितलं. बाई उठल्या नाहीत. "आई, झाला अर्धा तास," सून म्हणाली. बाईंनी एक बोट वर केलं, थांब अशा अर्थी, आणि त्याच बोटानं नळी केसभर सरकवली. काळोखातली ती रेघ आता रुंद झाली होती. तिचं खालचं टोक काठाकडे येत होतं, इतकं हळू की बघताना हलत नव्हतं आणि डोळा मिटून उघडला की पुढं आलेलं असे. चाळीस मिनिटं. पंचेचाळीस. सल्लागार डासांना कंटाळून खुर्ची घेऊन खाली गेले. औषधांची पेटी विसरले. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला टोक काठाला टेकलं. बेटाची जमीन झाली.

बाईंनी डोळा काढला. खांबाला, कठड्याला, कुणाला न धरता उठल्या.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या.

मुलगा उंच होता. त्याला स्टुलावर बसून जमेना, उभं राहून जमेना. अखेर तो गुडघे अर्धवट दुमडून, पाठीला बाक काढून, हात मागे बांधून उभा राहिला.

"हे फार खाली आहे गं."

"माझ्या मापाचं आहे. तुला वाकावं लागेल."

तो वाकला, डोळा लावला.

"हे काठाशी चमकतंय ते काय?"

"डोंगर. पाऊण तासापूर्वी नुसता ठिपका होता."

"म्हणजे तू एवढा वेळ त्याचीच वाट बघत होतीस?"

"सहा वर्षं."

त्याच्या पायाला रग लागली तसा तो सरळ झाला, कंबर दाबत. आयपीसला त्यानं हात लावला नाही. रुमाल झटकून घडी घातला आणि रिकाम्या खिशात ठेवला. "जिना उतरताना तरी कठडा धर," एवढंच म्हणाला. तो विषय ठरलेल्या अटीत बसत नव्हता, म्हणून बाईंनी ऐकून घेतला. कठडा धरला.

ते गेल्यावर त्यांनी दोन्ही वह्यांच्या पाठी फडक्यानं पुसल्या, पण फळीवर लावल्या नाहीत. स्टुलाबरोबर दाराशी ठेवल्या. मग चालू वर्षाची वही उघडली.

५ एप्रिल, शनिवार. सहा बावन्न ते सात चाळीस. डोंगर काठाला मिळाला. माप चुकलं, दीड इंच. चूक माझी. वेल्डरला सांगणे की त्याचं बरोबर होतं. चावी बसवून घेणे. सल्लागारांची पेटी परत करणे. या गडबडीत दूध तापवायचं राहिलं होतं. साडेआठला तापवलं. नासलं नव्हतं.